वन्सं आणि डोळ्यांवरचा डबा

आमच्या वन्सं माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. समोर बसलेल्या माणसाशी बोलताना त्या त्याच्या बशीकडे, कोपराकडे, नाहीतर मागच्या भिंतीकडे बघत. नव्या माणसाला वाटायचं, बाई आखडू आहेत. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणूस तोंडावर काहीतरी चढवतो आणि मग बघण्यात अर्थ राहत नाही. "चढवलेलं तोंड बघायचे मला पैसे मिळतात," त्या म्हणत. "फुकटात कशाला बघू?"

पैसे मिळायचे ते फोटोचे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न करून दुबईला गेल्या आणि तिथल्या देरा भागात नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत उभ्या राहिल्या. नवरा गेल्यावर स्टुडिओ त्यांनी एकटीने चालवला. स्टुडिओ म्हणजे एक खोली, पांढरा पडदा आणि एक स्टूल. व्हिसाचे फोटो, लेबर कार्डाचे फोटो, पासपोर्टचे फोटो. आपल्या कोकणातले सुतार, वेल्डर, पंजाबी ड्रायव्हर, फिलिपिनो नर्सा, सगळे त्या स्टुलावर बसून गेले. वन्संची एक युक्ती होती. एकदा बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "खलास." माणूस हुश्श करायचा, मान जरा सैल सोडायचा, आणि तेवढ्यात त्या दुसऱ्यांदा बटण दाबायच्या. गिऱ्हाइकाला मिळायचा तो हा दुसरा फोटो. एक गिऱ्हाईक म्हणे भांडायला आलं होतं, की या फोटोत मी माझ्या बापासारखा दिसतोय. वन्संनी त्याला सांगितलं, मग तू तसाच आहेस, यल्ला, पुढच्याला येऊ दे.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्या झोपेत झाली. मी लग्न होऊन चिपळूणला आले तेव्हा वन्संना स्टुडिओ सोडून येता आलं नव्हतं. त्या चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटेच्या गाडीने आल्या आणि बायका माजघरात झोपल्या होत्या तिथे येऊन बसल्या. मी उठले तर एक अनोळखी बाई चहा पीत माझ्या हातांकडे बघतेय. मी पदर सावरला तशी त्यांनी नजर वळवली. दुपारी सासूबाईंना म्हणाल्या, ही झोपेत मुठी वळते, हिला आठ दिवस माहेरी पाठव. मला राग आला. पाहुणी आली आणि पहिल्याच दिवशी नालस्ती करून गेली, असं वाटलं. सासूबाईंनी मात्र खरंच पाठवलं. माहेरी मी पहिले तीन दिवस जेवण्यापुरती उठत होते, बाकी झोपून होते. परत आले ती ठीक होऊन आले. वन्संचे आभार वगैरे मी मानले नाहीत आणि त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट त्या फार मजेत सांगत. बघायला आलेल्या मंडळींसमोर मुलीने मान वर करायची नाही, असा तेव्हाचा रिवाज. "मी फक्त पायाची बोटं बघितली. नखं कापलेली होती. म्हटलं, चला." एवढ्यावर संसार झाला आणि बरा झाला, असंही त्या सांगत. पण ते सांगताना भिंतीकडे बघत, त्यामुळे ते कितपत खरं मानायचं हे मला कधी ठरवता आलं नाही.

या स्वभावाचं नुसतं कौतुक करण्याचं कारण नाही. त्यांच्याबरोबर राहणं अवघड होतं. हॉटेलात गेलं की त्या टेबलाच्या कोपऱ्यावर तिरक्या बसत आणि स्टीलच्या डब्यातला घरचा चिवडा खात. तुम्ही फोनवर बोलत असलात की त्या ऐकत नसत, पण तुमच्या पायाकडे बघत असत, आणि फोन ठेवल्यावर सांगत की ज्याच्याशी बोललीस तो माणूस तुला आवडत नाही. माझा नवरा तर त्यांच्यासमोर फोनच घेत नसे. मी बस आगारात वाहतूक नियंत्रक आहे. गाडी उशिरा का आली याची कारणं दिवसभर ऐकते, त्यामुळे कोणाच्या तोंडावर काय चढलंय हे मलाही थोडंफार कळतं. पण मी ते बोलून दाखवत नाही. वन्सं दाखवत. आणि कधी दाखवतील याचा नेम नसे.

म्हणून त्या सुट्टीत मी पहिल्या दिवसापासून धास्तावलेली होते.

सुट्टी नावाचीच होती. आम्ही दुबईला गेलो होतो ते आमच्या मुलीचा, जुईचा, साखरपुडा करायला. मुलगा चिन्मय, जबल अलीला एका गोदामाच्या कंपनीत मॅनेजर. त्याला रजा मिळत नव्हती, त्याची आई त्याच्याकडे राहायला आलेली होती, मग ठरलं की आम्हीच जायचं, मुलांनी आठवडाभर एकमेकांना भेटायचं आणि शनिवारी करामा भागातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये साखरपुडा उरकायचा. चार महिने दोघं व्हिडिओवर बोलत होती. मी जुईला विचारलं होतं. ती पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, सुट्टीला घरी आली होती, मी पोळ्या लाटत होते, ती भाजत होती. ती म्हणाली, चांगला आहे की. माझ्या नवऱ्याला तेवढं पुरे झालं. त्याने बसल्या बैठकीला सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

राहायला आम्ही वन्संकडेच होतो. त्यांना स्थळ कोणी विचारलं नव्हतं, ते मी आणि नवऱ्याने ठरवूनच टाळलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. चिन्मय रोज संध्याकाळी त्याची सात जणांची गाडी घेऊन यायचा, आईला पुढे बसवलेलं असायचं, आणि आम्हाला कुठे ना कुठे फिरवून आणायचा. वाळवंट, कारंजी, उंच इमारतीचा गच्चीचा मजला. वन्सं कशालाही आल्या नाहीत. आता सत्तरी आली, मॉल बघून बघून पाय दुखतात, म्हणाल्या. मला हायसं वाटायचं.

गुरुवारी चिन्मय म्हणाला, आज व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या खेळांना जाऊ, एका मॉलमध्ये मोठा आर्केड आहे. त्याच्या आईने विचारलं ते काय असतं. त्याने समजावलं की डोळ्यांवर एक जाड डबा बांधतात, आत वेगळंच जग दिसतं, डोंगर, राक्षस, काय हवं ते.

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "बाहेरचं काहीच दिसत नाही? समोर कोण उभं आहे ते?"

"काहीच नाही, आत्या."

"आणि बाहेरच्यांना हा दिसतो?"

"हो, बाहेरचे बघत उभे असतात."

"मग मी येते," वन्सं म्हणाल्या आणि साडी बदलायला गेल्या.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघांच्या मनात एकच आलं. पोराची परीक्षा घ्यायला निघाली ही. लिफ्टमध्ये नवरा मला कानात म्हणाला, ताईला सांभाळ, दोन दिवस राहिलेत, तिचं काही ऐकलं तर बाई भडकेल. बाई म्हणजे चिन्मयची आई. ती वाईट नव्हती, पण तिला मानपान कळायचा आणि आपल्या मुलात कोणी खोट काढायला बघतंय असं वाटलं असतं तर ती गाडीतून उतरली नसती. गाडीत मी मुद्दाम वन्संच्या शेजारी बसले. त्या सबंध रस्ता चिन्मयच्या मानेकडे बघत होत्या.

आर्केड म्हणजे काळोखी, थंडगार, आवाजांनी भरलेली जागा. जागोजागी डबे बांधलेली माणसं हवेत हात मारत होती. कोणी ओरडत होतं, कोणी खाली बसलं होतं. अरबी पोरं, चिनी कुटुंब, आपल्याकडची मंडळी, डबा बांधल्यावर सगळी सारखीच. वन्सं इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या सरळ सगळ्यांच्या तोंडाकडे बघत चालल्या होत्या, एकेकाच्या पुढ्यात थांबून, देवळात मूर्तीपुढे थांबावं तशा.

चिन्मयने फळीच्या खेळाची तिकिटं काढली. खेळ सोपा. दोरीने आखलेल्या चौकोनात जमिनीवर एक खरी लाकडी फळी ठेवलेली. डबा बांधला की ती फळी एका प्रचंड टॉवरच्या टोकावरून हवेत निघालेली दिसते आणि तिच्यावरून चालत जायचं. खेळणाऱ्याला जे दिसतं ते बाहेर मोठ्या पडद्यावर दिसतं, आणि तो जे बोलेल ते पडद्याखालच्या स्पीकरवर ऐकू येतं, म्हणजे बाहेरच्यांना त्याची घाबरगुंडी ऐकून हसता येतं. आत एक फिलिपिनो मुलगी, खेळणाऱ्याला धरायला.

चिन्मय आधी गेला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो, वन्सं चिन्मयकडे. माझं निम्मं लक्ष वन्संकडे. तो फळीवर चढला, जरा डगमगला, हसला. स्पीकरमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. "आई, तू बघू नकोस हं," असं म्हणाला आणि त्याच्या आईने लगेच पदर डोळ्याला लावला. मध्येच वायर त्याच्या पायात आली. त्या फिलिपिनो मुलीने ती सोडवेपर्यंत तो टॉवरच्या टोकावर निमूट उभा राहिला आणि नंतर तिला थँक यू म्हणाला. टोकापर्यंत जाऊन परत आला.

वन्सं माझ्याजवळ सरकल्या.

"मुलगा चांगला आहे," त्या म्हणाल्या.

मी नवऱ्याला खूण केली. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. दोन दिवसांचं ओझं उतरलं म्हणेपर्यंत वन्सं पुढे म्हणाल्या, "आता तिला घालू दे डबा."

जुईचा नंबर आला. ती गड चढणारी मुलगी आहे, पाठीवर पिशवी टाकून कुठल्याही कड्याला जाते. तिला डबा बांधला, ती फळीवर चढली आणि दोन पावलं जाऊन थांबली. पडद्यावर खाली मुंगीएवढे रस्ते दिसत होते. चिन्मयची आई म्हणाली, चल बाळ, पुढे चल. माझा नवरा म्हणाला, खाली बघू नको. चिन्मय दोरीजवळ गेला आणि हात लांब करून म्हणाला, "जुई, माझा हात धर." त्याची बोटं तिच्या मनगटाला लागली.

तिने हात काढून घेतला.

तसं त्यात काही नव्हतं. डोळे झाकलेल्या माणसाला कोणी शिवलं तर तो दचकेल. चिन्मय हसून मागे झाला आणि पडद्यापाशी आमच्यात येऊन उभा राहिला. मी मात्र वन्संकडे बघितलं आणि त्या जागेवर नव्हत्या. पायातले बूट काढून, दोरी उचलून, त्या आत गेल्या होत्या. फिलिपिनो मुलगी नो मॅडम, नो मॅडम म्हणत होती. वन्संनी तिला हिंदीत सांगितलं की मी हिची बुआ आहे, तू वायर सांभाळ. मग दोन बोटांनी जुईच्या एका कानावरची गादी उचलली आणि तिच्या कानाशी वाकल्या.

आम्ही चौघं पडद्यापाशी. स्पीकरमधून आधी नुसता वारा वाहत होता. मग वन्संचा आवाज आला, आमच्या डोक्यावरून, अख्ख्या आर्केडला ऐकू जाईल असा.

"तुला हवंय का हे लग्न?"

इथे मला एक सांगितलं पाहिजे. या प्रसंगानंतर वर्षभर माझा नवरा बहिणीशी बोलला नाही. वन्सं दुबई सोडून कायमच्या चिपळूणला आल्या तेव्हा कुठे हळूहळू बोलू लागला. तेव्हा एकदा त्या अंगणात फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या आणि मी विचारलं, वन्सं, स्पीकर चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? चिन्मयचा श्वास त्याच स्पीकरवर तुम्ही ऐकला होता. त्या आठळ्यांकडे बघत म्हणाल्या, हल्ली मला कानाने कमी ऐकू येतं. मी म्हटलं, हल्ली नाही विचारत, तेव्हाचं विचारतेय. त्यावर म्हणाल्या, "तेव्हा नुसतं माझ्या कानात सांगितलं असतं तिने, तर मी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही ऐकलं असतंत?" गेल्या श्रावणात त्या गेल्या. याहून जास्त उत्तर मला मिळालेलं नाही.

तर, स्पीकरमध्ये वारा. मग जुईचा आवाज.

"आत्या, आत्ता काय विचारतेस."

"आत्ताच विचारते. आत्ता तुला कोणाची तोंडं दिसत नाहीयेत."

पडद्यावर जुई खाली बघत होती, त्या रस्त्यांकडे. मी तिथून ओरडून काही म्हणू शकले असते. चिन्मयची आई काय चाललंय ते कळून तोंड उघडू बघत होती. नवऱ्याने एक पाऊल पुढे टाकलं.

"नको," जुई म्हणाली. "त्याच्यात वाईट काही नाही गं. चांगलाच आहे. पण मला नको. आणि आता सांगू कसं? बाबांनी सगळ्यांना फोन केलेत. त्याची आई मला बाळ म्हणते."

आसपास कोणाला काही कळलं नाही. शेजारच्या चौकोनात कोणी अरबी मुलगा राक्षस मारत होता. कळलं ते आम्हा चौघांना. चिन्मय पडद्याकडेच बघत राहिला. तिथे अजून तेच, फळी आणि आभाळ.

सावरली आधी त्याची आई. मी त्या बाईला मानते. ती माझ्या नवऱ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, घाबरली हो पोर. एवढ्या उंचावर माणसाच्या तोंडून काहीही निघतं. नवऱ्याने ते झेललं. हो ना, लहानपणापासून उंचीची भीती आहे तिला, म्हणाला. गड चढणाऱ्या मुलीचा बाप. ती म्हणाली, माझंच बघा, मला पाळण्यातसुद्धा चक्कर येते. तो म्हणाला, तेच तर. असं दोघांनी मिळून चार वाक्यांत सगळं झाकून टाकलं. शनिवार पुन्हा जागेवर आला. हॉल, पेढे, माझी ती मोरपिशी साडी, सगळं. फक्त जुईने डबा काढून एवढंच म्हणायचं होतं, की हो, घाबरले होते.

फिलिपिनो मुलीने डबा काढला. जुईच्या डोळ्यांभोवती लाल वळ उमटले होते. ती उजेडाला डोळे मिचकावत फळीवरून उतरली आणि आमच्याकडे बघून थांबली. स्पीकर तिने बघितला असावा, किंवा आमची तोंडं. तिला कळलं. रंग उतरला तिचा. ती वन्संना शोधू लागली. वन्सं चौकोनाच्या पलीकडे बाकावर आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या आणि बूट घालत होत्या. मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला, की मुलीला टॉवरवर चढवलं आणि आता ही पाठ फिरवून बसली.

चिन्मयची आई पुढे झाली आणि तिने जुईचा हात हातात घेतला. "घाबरलीस ना, बाळ? होतं असं. आम्ही काही मनावर नाही घेतलं."

नवरा म्हणाला, "सांग त्यांना, जुई."

जुईने माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने पण. आगारात गाडी सुटणार की नाही हे विचारायला सगळे माझ्या खिडकीशी येतात तेव्हा मी चेहरा कोरा ठेवते, नाहीतर ते चेहऱ्यावरूनच ठरवतात. तसा ठेवला. हो म्हण असंही नाही, नाही म्हण असंही नाही. तिला माझ्या तोंडावर काही सापडलं नाही. मग ती चिन्मयकडे वळली, आणि त्या बाईचा हात न सोडता म्हणाली,

"मी घाबरले नव्हते."

त्याच्या आईने हात सोडला. फार हळू सोडला. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, अगं, तू तरी बोल काही. बोलायचं म्हणजे काय ते मला कळत होतं. समजावायचं, थकलीय म्हणायचं, घरी जाऊन बोलू म्हणायचं. घरी गेल्यावर आम्ही सगळे मिळून तिला परत फळीवरून मागे आणलं असतं, ते काही अवघड नव्हतं.

मी पर्समधून फोन काढला. "हॉलवाल्याला मी सांगते," मी म्हटलं. "आजच सांगितलेलं बरं."

चिन्मयने तेव्हा पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली.

"राहू द्या, काकू," तो म्हणाला. "बुकिंग माझ्या नावावर आहे."